दांडग्या नेपियरशेजारी नाजूक घास: गोठ्यासाठी कायमची मिश्र वैरण कशी उभी करावी

पहिल्या वर्षी केलेली चूक आधी सांगतो. पुढचं सगळं शहाणपण तिच्यातूनच आलंय. यवतच्या आमच्या मळ्यात आठ गुंठ्यांत एक ओळ संकरित नेपियर या उंच चारा-गवताची आणि एक ओळ लसूणघासाची, म्हणजे द्विदलाची, अशी लावण केली. महिना फेब्रुवारी. मेपर्यंत प्लॉट असा होता की येणारा-जाणारा बांधावर थांबून विचारायचा. मग मृग बरसला, नेपियर पुरुषभर वाढलं, आणि गौरी-गणपतीच्या सुमाराला आत शिरून पाहिलं तर घासाच्या ओळीत पिवळ्या काड्या, मधेमधे लव्हाळा आणि बाकी नुसती ओल. बियाणं, खुरपणी, पाणी सगळं वाया. नेपियर मात्र मजेत.

गवत आणि द्विदल एकमेकांना पूरक असतात, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं आहे, पण अर्धंच. द्विदलाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात आणि त्यातला थोडा गवताला मिळतो. गवत मात्र ही उसनवारी फेडत नाही. ते सावली धरतं, पाणी ओढतं, खत ओढतं. दोघं शेजारी लावली की पहिल्या पावसाळ्यात कोण जिंकणार हे ठरलेलं असतं. म्हणून मिश्र वैरण करायची तर सतत द्विदलाची बाजू घेत राहावं लागतं. ओळींच्या अंतरात घ्या, कापणीच्या दिवसात घ्या, विळ्याच्या उंचीत घ्या, युरियाच्या मुठीत घ्या.

मग हा खटाटोप कशाला?

आमच्याकडे दौंड, बारामती, इंदापूरच्या पट्ट्यात ऊस तुटायला लागला की गोठ्यांत वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे येतात. स्वस्त, हिरवे, हाताशी. पण वाढ्यांत प्रथिनं अगदी कमी, आणि त्यातलं ऑक्सलेट जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. सीझन संपला की कडबा. जनावराचं पोट भरतं, पण दुधाला लागणारी प्रथिनं मग गोळी पेंडेतून आणि सरकीतून विकत आणावी लागतात, आणि दुधाचा निम्मा पैसा पेंडेच्या दुकानात जातो.

कागदावर एकदाच हिशेब मांडा. गाईला दिवसाला १६ किलो नेपियर घातलं, तर त्यात कोरडा अंश साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे ३.२ किलो. त्यात ९ टक्के प्रथिनं धरली तर सुमारे २९० ग्रॅम. आता ८ किलो लसूणघास किंवा दशरथ घाला. कोरडा अंश जेमतेम पावणेदोन किलो, पण प्रथिनं १९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३३० ग्रॅमच्या वर. वजन निम्मं आणि प्रथिनं जास्त. २० टक्के प्रथिनांची पेंड घेतली तर एवढ्या प्रथिनांसाठी दीड किलोहून जास्त लागते. पेंडेतली ऊर्जा घासात नसते, त्यामुळे पेंड पूर्ण बंद करता येत नाही. माप मात्र खाली येतं.

दुसरं कारण हवामानाचं आहे आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. नेपियर उन्हाळ्याच्या तोंडापासून पावसाळ्यापर्यंत धावतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की ते जागेवर उभं राहतं, पानांची टोकं लालसर होतात. नेमक्या त्याच थंडीत लसूणघास फोफावतो. तो अडतो पावसाळ्यात. एकाची सुगी ती दुसऱ्याची विश्रांती. वर्षभर रोज हिरवी वैरण पाहिजे असेल तर एकट्या पिकावर भागत नाही.

कुठे कोणती जोडी

पुणे जिल्हा एकच असला तरी लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बारामती-इंदापुरात ५०० च्या आसपास. मावळातल्या मित्राला माझी जोडी जमणार नाही, मला त्याची.

कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी आणि मध्यम ते भारी, निचऱ्याची जमीन असेल तर संकरित नेपियर आणि दशरथ. दशरथ म्हणजे शेवरीसारख्या बारीक पानांचं द्विदल झुडूप, काही लोक त्याला दशरथ घासही म्हणतात. जोडीला लसूणघास, पण वेगळ्या वाफ्यात. त्याबद्दल पुढे.

पुरंदर, शिरूर, खेडच्या माळावरच्या मुरमाड, पावसावरच्या जमिनीला मारवेल किंवा अंजन गवत आणि जोडीला स्टायलो हे द्विदल.

मावळ, मुळशी, वेल्ह्याकडे भातखाचरांच्या बांधावर शेवरी आणि हादगा, वरकस जमिनीत गिनी गवत. लसूणघासाच्या वाटेला तिथे जाऊ नका, पाणी साचलं की तो कुजतो.

जास्त पाणी देऊन चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट, झालेली जमीन सगळ्यांना त्रासदायक. घास थोडं खारं सोसतो, पण रोपावस्थेत नाही. आधी चर काढून निचरा करावा.

दहा गुंठ्यांचा आराखडा

एका दुभत्या संकरित गाईला कडबा-पेंड वगळून दिवसाला २५ किलो हिरवी वैरण धरली तर वर्षाला नऊ टनांच्या थोडं वर लागते. नेपियर चांगलं सांभाळलं तर एकरी ६० टन, म्हणजे गुंठ्याला दीड टन देतं. मिश्र प्लॉटमध्ये द्विदलाची जागा, थंडी, कालव्याचं चुकलेलं आवर्तन हे सगळं धरून मी गुंठ्याला एक टनच मोजतो. म्हणजे एका गाईला दहा गुंठे. तीन गाई असतील तर तीस. आकडे छापणारे याच्या दुप्पट सांगतात, त्यांनी सांगावं.

प्लॉटचे नऊ सारखे भाग पाडा आणि बांधाच्या कडेला खुंट्या रोवा. एक भाग पाच दिवस पुरवायचा. नऊ पाचे पंचेचाळीस. नवव्या भागाची कापणी संपते तेव्हा पहिला भाग ४५ दिवसांचा होऊन पुन्हा तयार असतो. रोज कुठे कापायचं हे विचारावं लागत नाही, आणि कोवळं किंवा जून कापलं जात नाही.

ओळींची मांडणी तीनास एक. तीन ओळी नेपियर, मग एका ओळीची जागा द्विदलाला. नेपियरच्या दोन ओळींत तीन फूट, ओळीतल्या दोन ठोंबांत दोन फूट. द्विदलाच्या जागेत दशरथच्या दोन ओळी दीड फुटावर, म्हणजे ती पट्टी दाट होते आणि तणाला जागा राहत नाही. जमिनीचा उतार परवानगी देत असेल तर ओळी दक्षिणोत्तर ठेवा. सूर्य दोन्ही बाजूंनी आत शिरतो आणि दशरथला दिवसाचा काही वेळ तरी ऊन मिळतं.

या हिशेबाने दहा गुंठ्यांना नेपियरच्या साधारण १,४०० कांड्या लागतात. तूट धरून दीड हजार आणा. दशरथचं बियाणं अर्धा किलो.

जातींबद्दल थोडं

उरुळी कांचन आम्हाला हाकेच्या अंतरावर. मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही ग्रामविकासाची संस्था तिथेच उभी केली, आणि त्यांचं बीएनएच-१० हे संकरित नेपियर आमच्या भागात बऱ्याच गोठ्यांत दिसतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं फुले जयवंत आणि त्याआधीचं यशवंत, कोइमतूरचं को-४ आणि को-५, यांतलं कोणतंही चालतं. माझं मत विचाराल तर जातीपेक्षा बेणं कोणाच्या प्लॉटमधून येतं हे बघा. तीन-चार महिन्यांच्या पक्व ताटाच्या मधल्या भागाच्या कांड्या घ्या. शेंड्याच्या कोवळ्या कांड्या कुजतात आणि बुडख्याच्या जून कांड्यांचे डोळे उशिरा फुटतात. मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिरातींत एकेका कांडीला भलता भाव आणि प्रथिनांचे डोळे दिपवणारे आकडे असतात. तीच कांडी शेजाऱ्याच्या बांधावरून चहाच्या बदल्यात मिळते.

लसूणघासात राहुरीचा आरएल-८८ बहुवर्षायू आहे, तीन वर्षं नीट चालतो. बियाणं घेताना पिशवीवर जात वाचून घ्या. एक-दोन हंगामांत संपणारा घासही बाजारात असतो आणि दाण्याकडे बघून तो ओळखू येत नाही.

लावण, क्रमाने

मेमध्ये नांगरट, दोन कुळवाच्या पाळ्या, आणि दहा गुंठ्यांना एक मोठी ट्रॉलीभर कुजलेलं शेणखत. हे पीक चार-पाच वर्षं जागेवर राहणार आहे. नंतर खत मातीत मिसळायची संधी मिळत नाही, म्हणून इथे हात आखडू नका. द्विदलाच्या पट्टीत गुंठ्याला सहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट पेरा. गाठींना स्फुरद लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. दशरथ आधी पेरा, नेपियर तीन आठवड्यांनी लावा. दशरथची पहिली कापणी ९० दिवसांनी येते, नेपियरची ७० दिवसांच्या आसपास. वीस दिवसांचा हा फरक आधीच दिला तर पहिली कापणी दोघांची एकदम येते आणि दशरथला डोकं वर काढायला उसंत मिळते. दोन्ही एकाच दिवशी लावलं तर माझ्या घासाचं झालं तेच होणार.

दशरथचं बी कठीण कवचाचं. तसंच पेरलं तर निम्मं उगवतच नाही, आणि दोष बियाणेवाल्याला जातो. पातेल्यात पाणी उकळा, खाली उतरवा, पाचेक मिनिटं थांबा, म्हणजे ते ८० अंशांच्या जवळपास येतं. बी कापडात सैल बांधून त्यात चार-पाच मिनिटं बुडवा, काढा आणि रात्रभर गार पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी वेगळं ओळखू येतं. सावलीत पसरून सुकवा आणि त्याच दिवशी बारीक वाळूत मिसळून पेरा. खोली एक सेंटिमीटर. नखभर माती पुरे. पाभरीने पेरू नका, ती खोल टाकते. हाताने रेघ ओढून पेरा आणि तुऱ्हाटीची जुडी फिरवा. बी उकळत्या पाण्यात घालू नका, शिजतं. हा प्रयोग आमच्या घरी झालेला आहे.

नेपियर जूनअखेर किंवा जुलैत. दोन-तीन डोळ्यांची कांडी सरीच्या बगलेला तिरकी लावायची, निदान एक डोळा मातीत आणि एक वर, डोळ्यांचं तोंड आभाळाकडे. उलटी लावलेली कांडीही फुटते, पण आठवडाभर रुसून बसते. पावसाने दडी मारली तर लगेच आंबवणीचं हलकं पाणी द्या.

पहिले साठ दिवस खुरपं सोडू नका. दोन खुरपण्या तर हव्यातच, गाजरगवत आणि हराळी असेल तर तीन. नेपियरला तण दाबता येतं, दशरथला नाही. मजुरी वाचवायचीच असेल तर गवताच्या ओळींत वाचवा, द्विदलाच्या पट्टीत नाही.

दीड-दोन महिन्यांनी द्विदलाचं एखादं रोप मातीसकट उपटा. मुळावर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर कारखाना सुरू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठी नुसत्या शोभेच्या. मग थोडा नत्र द्यावा लागतो आणि पुढच्या पेरणीला जिवाणूखत विसरायचं नाही.

विळ्याची उंची

इथे बहुतेक प्लॉट मरतात. नेपियर जमिनीपासून चार-पाच बोटं ठेवून कापायचं. फार वर कापलं तर खुंट वाळतात आणि फुटवे वरून, कमजोर येतात. दशरथचं उलट. तो गुडघ्याएवढा, दीड फुटाच्या आसपास ठेवूनच कापायचा, कारण त्याचे पुढचे फुटवे खोडावरून येतात. तिसऱ्या कापणीला मी गावात नव्हतो. कापायला आलेल्या गड्याने एका लयीत नेपियर आणि दशरथ दोन्ही एकाच उंचीवर, बुडातून कापले. त्याच्या हिशेबाने ते नेटकं काम होतं. त्या भागातली निम्मी झुडपं पुन्हा फुटली नाहीत. तेव्हापासून दशरथच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना दीड फुटाच्या खुंट्या ठोकल्यात आणि त्यांना लाल रंग लावलाय. सांगण्यापेक्षा खुंटी बरी.

पहिल्या फेरीत एक अडचण येते. नऊही भाग एकाच वेळी लावलेले असतात, म्हणून सगळे एकदम तयार होतात. उपाय असा: पहिला भाग नेपियर लावल्यापासून साठाव्या दिवशीच कापायला घ्या, आणि शेवटचे दोन-तीन भाग जून होण्याआधी कापून मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेली वैरण, करा. दुसऱ्या फेरीपासून पाच-पाच दिवसांचा टप्पा आपोआप पडतो. मुरघासाला नेपियर अर्धा दिवस सुकवून बारीक कुट्टी करा, साखर कमी असल्याने गुळाचं पाणी शिंपडा, बॅगेत तुडवून हवा काढा आणि ४५ दिवस हात लावू नका.

युरिया द्यायचा तो प्रत्येक कापणीनंतर, गुंठ्याला अर्धा किलो, फक्त नेपियरच्या बुडाशी, ओल असताना. फोकून टाकू नका. फोकला की गवत चेकाळतं आणि द्विदलाच्या गाठी आळशी होतात. तयार नत्र मिळत असताना ते स्वतः कशाला बांधतील? गोठ्याची स्लरी असेल तर युरिया निम्मा करा.

उन्हाळ्यात पाणी आठ-दहा दिवसांनी. आमच्याकडे खडकवासल्याहून येणाऱ्या मुठा कालव्याच्या आवर्तनावर सगळं अवलंबून, आणि आवर्तन लांबलं की नेपियर पंधरा दिवसांत मान टाकतं. दशरथची मुळं खोल जातात, तो तग धरतो. अशा वेळी त्याची पट्टीच गोठा चालवते.

लसूणघास शेजारी, पण वेगळा

घासाची पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, पुढच्या २५ दिवसांनी. नेपियरची ४५ दिवसांनी. दोघांचं वेळापत्रक जमत नाही, म्हणून ओळीत ओळ लावणं हा मुळातच वेडेपणा होता. घासाचं मिश्रण शेतात करू नका, गव्हाणीत करा. दहा गुंठ्यांच्या मिश्र प्लॉटच्या दक्षिणेला, म्हणजे नेपियरची सावली पडणार नाही अशा बाजूला, दोन-तीन गुंठे घासाचे सपाट वाफे ठेवा.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गुंठ्याला पाव किलो बी, एक फुटावर ओळी. जिवाणूखत घासाचंच मागा, त्यात रायझोबियम मेलिलोटी असतं. हरभऱ्याचं पाकीट स्वस्त मिळालं म्हणून वापरलं तर गाठी येत नाहीत. दहा टक्के फुलं दिसली की कापायचा, जमिनीपासून दोन-तीन बोटं सोडून, बुडख्याच्या गड्ड्याला विळा लागू न देता. थंडीत दहा-बारा दिवसांनी पाणी, उन्हाळ्यात सहा-आठ. पावसाळ्याआधी वाफ्यांच्या कडेने चर मोकळे करा. पाणी उभं राहिलेला वाफा गेला म्हणून समजा.

आणि अमरवेल. एका वर्षी तालुक्याच्या बाजारातून सुटं बियाणं आणलं. तिसऱ्या कापणीला दोन हातभर जागेत पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसला. मुलगा म्हणाला, शेवया सांडल्यात. मी विळ्याने वरवर ओढून टाकलं. महिन्याभरात अर्धा वाफा त्या शेवयांनी झाकला. ओढून काढल्याने ती तुटते, आणि तुटलेला प्रत्येक तुकडा पुन्हा घासाला विळखा घालतो. करायचं हे होतं: डाग दिसताक्षणी, फुलं यायच्या आत, डागाच्या भोवती हातभर चांगला घाससुद्धा बुडातून कापायचा, पोत्यात भरून बाहेर न्यायचा आणि जाळायचा. जनावरालाही घालायचा नाही, कारण अमरवेलीचं बी पोटातून शेणात आणि शेणातून परत शेतात जातं. पेरण्याआधी बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकायचं आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवायचं. प्रमाणित बियाणं घेतलं तर हा ताप बराच कमी होतो. माझ्या त्या वाफ्यात आता नेपियर आहे. गवतावर अमरवेल जगत नाही.

माळावरची जोडी

मारवेल आणि स्टायलोला पाणी लागत नाही, पण पहिलं वर्ष संयम लागतो. राहुरीचा फुले मारवेल ०६-४० चांगला. जुलैत पाऊस बसला की मुळ्या असलेले ठोंब दीड फूट बाय एक फूट लावायचे, दोन ओळींआड एक ओळ स्टायलोची. स्टायलोलाही दशरथसारखंच गरम पाणी. बी गुंठ्याला शंभर ग्रॅम, जवळजवळ मातीवरच. स्टायलो पहिल्या वर्षी जमिनीला चिकटून रांगतो आणि बघणाऱ्याला वाटतं की गेला. त्या वर्षी चराई पूर्ण बंद आणि कापणी उशिरा, म्हणजे बी झडू द्यायचं. दुसऱ्या वर्षी तो स्वतःच जागा भरतो.

माळाचं गवत दिवाळीनंतर, पिवळं पडल्यावर कापायची आपल्याकडे रीत आहे. तोवर त्यातलं सत्त्व बियात आणि मुळात गेलेलं असतं, उरतो काडीचा भुसा. मारवेल फुलोऱ्यात, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापा आणि उघडीप बघून दोन-तीन दिवस उलटसुलट करून वाळवा. पेंढीचा रंग हिरवट राहिला आणि वास आला तर जमलं.

शेळ्या असतील तर बांधावर शेवरी आणि हादगा लावाच. पानमळ्यांमुळे शेवरी आपल्या भागात जुनीच ओळखीची आहे. सुबाभूळही चालते, पण एकूण हिरव्या वैरणीच्या पाव हिश्शाच्या वर नको. त्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्याने केस गळतात, जनावर खंगतं.

गव्हाणीत

कुट्टी करताना दोन भाग गवत, एक भाग द्विदल, असंच यंत्रात घाला. वेगवेगळं टाकलं तर गाय आधी घास निवडून खाते आणि नेपियर सारून ठेवते. २५ किलो हिरव्यासोबत पाच-सहा किलो कडबा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्सलेट जास्त असतं, म्हणून पाण्याच्या ताणानंतर फुटलेलं हातभर कोवळं गवत घाईने कापू नका.

घासाची पोटफुगी मात्र हसण्यावारी नेऊ नये. दशरथ आणि स्टायलोने सहसा फुगत नाही, लसूणघासाने फुगतं. दवाने ओला, कोवळा घास, तोही उपाशी पोटी, हे तिन्ही जुळलं की झालंच. सकाळी कापलेला घास तीन-चार तास पसरून मलूल होऊ द्या, आधी कडबा घाला, मग घास. डावी कूस टम्म फुगली, टिचकी मारल्यावर ढोलासारखा आवाज आला, जनावर खाली-वर करायला लागलं तर आधी डॉक्टरांना फोन. ते येईपर्यंत पुढचे पाय उंचावर राहतील असं उभं करा. गोडं तेल पाजायला सांगितलं तर हळूहळू पाजा, मान फार वर करू नका, जीभ बाहेर ओढू नका. तेल फुप्फुसात गेलं तर पोटफुगीतून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते.

चौथ्या वर्षी

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी नेपियरचे ठोंब उंचवट्यावर चढतात, मधला भाग वाळतो आणि फुटवे कडेने रिंगण धरतात. त्या वेळी टिकावाने मधला वाळका भाग काढून मातीची भर द्या. एखादं वर्ष जास्त मिळतं. दशरथचं झडलेलं बी उगवून पट्टी स्वतःच भरत राहते, इतकी की शेजारच्या कांद्यातही रोपं निघतात. शेंगा वाळायच्या आत कापा, नाहीतर शेजाऱ्याचं बोलणं ऐका. मी ऐकलंय.

पाचव्या वर्षी सगळं मोडून नवं करताना नेपियर द्विदलाच्या पट्टीवर आणि द्विदल नेपियरच्या जागेवर अशी अदलाबदल करा. चार वर्षं द्विदलाखाली राहिलेली माती खणताना फावड्याला हलकी लागते. त्या पट्टीत लावलेल्या नव्या कांड्यांना पहिल्या कापणीपर्यंत मी युरिया देत नाही.